अस्वलीणबाईंचा दुसरा हात

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या रेघोट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. आठांपैकी जी अंगं अजून वाकतात ती वाकवली आहेत, उरलेल्यांच्या वतीने दिलगिरी.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? मागच्या फोनवर तू म्हणालीस की दाजी हल्ली जिना चढताना गुडघ्याशी बोलतात. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. मी ब्रशांशी बोलतो, परवा तर एकाची माफीही मागितली. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे दोन वेळा जेवतो, गोळी चुकवत नाही आणि झोपताना दाराला कडी घालतो. तू फोनवर हे तीनच प्रश्न विचारतेस, म्हणून तिन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकली. आता फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय म्हणशील, तर फोनवर मी जरा कुठे विषयाशी येतो तोच तू ‘हं, आणखी काय’ म्हणतेस, आणि मग आणखी काहीच नसतं. पत्राला मध्येच हुंकार देता येत नाही. तेव्हा चहा टाक आणि बस, लांबण लागणार आहे.

सध्या माझ्याकडे अस्वलं आहेत. (मागच्या वर्षी बदकं होती, त्याआधी एक चिडका बेडूक. बेडकावर माझा फार जीव होता, पण पुस्तक खपलं नाही.) गोष्ट छोटीशी आहे. अस्वलाचं पिल्लू मध शोधायला एकटंच बाहेर पडतं, वाट चुकतं, दिवसभर भटकतं आणि शेवटी घरी येतं. शेवटच्या पानावर लेखिकाबाईंनी एकच ओळ लिहिली आहे, ‘आणि आईने त्याला जवळ घेतलं.’ एवढं लिहून बाई उठल्या असतील, हात धुऊन जेवायलाही बसल्या असतील. लिहिणाऱ्यांचं काय जातं? ‘मग सगळं जंगल गोळा झालं’ असं लिहून ते मोकळे होतात आणि आम्ही महिनाभर सशांचे कान काढत बसतो. त्यातून पिल्लाच्या सदऱ्याला पहिल्या पानावर तीन बटणं असली तर शेवटच्या पानावरही तीनच लागतात, कारण मुलं मोजतात आणि चुकलं की आईबापांना दाखवतात. आईबाप दुर्लक्ष करतात ते वेगळं, पण माझी झोप जाते. असो. तर ‘जवळ घेतलं’ म्हणजे कोणाचं तोंड कुठल्या बाजूला, कोणाचा हात कोणाच्या खाली, हे सगळं माझ्या गळ्यात. मी आपला नेहमीप्रमाणे काढून, रंगवून, गठ्ठा बांधून देऊन आलो.

दोन दिवसांनी प्रकाशनातल्या संपादकबाईंनी बोलावून घेतलं. बाई माझ्या निम्म्या वयाची, कामाला चोख, आणि सुई टोचायच्या आधी दंडावर कापूस फिरवावा तसं आधी कौतुक करणारी. झाडं सुरेख, उजेड सुरेख, मधाचं पोळं तर चाटावंसं वाटतं. मी मनात म्हटलं, रेघोट्या, दंड आवळून बस. मग तिने सांगितलं की चित्रं घरी नेली होती आणि तिच्या लहान मुलीने सगळी पानं नीट बघून झाल्यावर एकच प्रश्न विचारला, “आई, ह्या सगळ्यांचं भांडण झालंय का?”

मी हसलो. संपादकबाई हसली नाही. तिने सगळी चित्रं मोठ्या टेबलावर ओळीने मांडली, एक पेन्सिल उचलली आणि पहिल्या चित्रात अस्वलीण आणि पिल्लू यांच्या मधून वरून खाली सरकवली. पेन्सिल कुणालाही न लागता आरपार गेली. दुसऱ्या चित्रात तेच. जेवणाच्या टेबलाशी अख्खं कुटुंब बसलं आहे, तिथेही दोघादोघांच्या मधून गेली. झाडावर माकडं आहेत, ती परीक्षेला बसवल्यासारखी लांब लांब. आणि शेवटच्या पानावर, जिथे आईने पिल्लाला जवळ घेतलं आहे, तिथे आईचे दोन्ही हात पसरलेले, पिल्लाचे दोन्ही हात पसरलेले, आणि मध्ये पांढऱ्या कागदाची ही एवढी पट्टी. मी म्हटलं, चित्राला मोकळी जागा लागते, दम घ्यायला. ती म्हणाली, काका, जागा आहे, दम कोण घेतंय? (मला काका म्हणते. आधी ‘सर’ म्हणायची, ते मला आवडत नव्हतं. काकाही आवडत नाही, पण आता पुन्हा कोण सांगणार.) मग तिने खाली बघत सांगून टाकलं की बाकीची पानं ती सांभाळून घेईल, पण शेवटचं चित्र नव्याने हवं, पुढच्या सोमवारपर्यंत, आणि जमणार नसेल तर ते एक पान आपण दुसऱ्याकडून करून घेऊ. हा दुसरा म्हणजे कोण ते मी न विचारताच ओळखलं. तोच तो, कॉम्प्युटरवर काढणारा, गॉगल कपाळावर लावून हिंडणारा. त्याच्या चित्रांत सगळे सगळ्यांच्या गळ्यात पडलेले असतात, ओळख असो नसो. ताई, इतक्या वर्षांत माझ्या पुस्तकात दुसऱ्या कुणाचा ब्रश शिरलेला नाही. आणि शिरणार तो कुठे, तर जिथे पिल्लू घरी पोचतं तिथेच.

तणतणत घरी आलो आणि माझी जुनी पुस्तकं काढून पेन्सिल घेऊन बसलो. बेडकात पेन्सिल आरपार, बदकांत आरपार. बेडकाच्याही आधीच्या पुस्तकात मात्र अडकली. एक म्हातारी एका वाघाचा कान धरून त्याला घराबाहेर काढते आहे, आणि कान असा पिळलाय की बघणाऱ्याचा दुखावा. मग लक्षात आलं, की ते आई असतानाचं शेवटचं पुस्तक. तुला आठवत असेल, आई होती तोवर घरात मॉडेल होतं. ‘आई, जरा हात धर’ म्हटलं की ती धरायची. म्हातारी तीच, वाघही तीच. लाटणं घेऊन राजाही तीच झाली आहे. हत्तीच्या वेळी मात्र रुसली होती, म्हणाली मी एवढी नाही. (हत्तीला तिचेच डोळे दिले, ते तिने ओळखले आणि मग रुसवा गेला.) कान पिळायचा होता तेव्हा तिने माझाच पिळला होता, आणि मी आरशात बघून तो तसाच कागदावर उतरवला होता. आता घरात मॉडेल म्हणजे मी आणि आरसा. आणि आरशाला हात लावला तर काच लागते.

बरं, हे आठवून काढावं म्हटलं तर आठवायचं काय? आपल्या घरात ताप आल्याशिवाय कुणी कुणाला हात लावत नसे. बाबा तर ताप आला तरी थर्मामीटरच द्यायचे. माया होती, नव्हती असं नाही, पण ती ताटात वाढलेली असायची किंवा उशाशी ठेवलेली. त्यामुळे जवळ घेताना माणसाचे हात नेमके कुठे जातात हा प्रश्न या वयात माझ्यापुढे पहिल्यांदाच आला. दोन माणसं, चार हात. पहिला हात पाठीवर जातो हे लहान मूलही सांगेल. दुसरा कुठे जातो? तो काय करत असतो? हनुवटी कुठे ठेवतात? नाकांचं काय होतं? अस्वलांना तर नाकंच नाकं.

प्रयत्न मात्र मी सगळे केले. आधी आरशासमोर स्वतःलाच मिठी मारून पाहिली. पोटात कळ आलेल्या माणसाचं चित्र तयार झालं, ते जपून ठेवलं आहे, कधी औषधाच्या जाहिरातीला होईल. मग लाकडी बाहुला काढला. त्याचे सांधे हवे तसे वळतात असं दुकानदार म्हणाला होता, पण तो एकटाच आहे, म्हणून त्याला पाण्याच्या बाटलीला मिठी मारायला लावली. त्यात तो बाटली चोरून नेतोय असं वाटू लागलं. शेवटी अंथरुणाची गादी गुंडाळली, ती पिल्लू. स्वतःच्या अंगावर तपकिरी ब्लँकेट घेतलं, ती आई. समोर आरसा तिरपा लावला, गादीला घट्ट कवटाळलं, गाल टेकवला, आणि एक डोळा उघडा ठेवून हात कुठे जातोय ते बघू लागलो. जमत आलं होतं गं. नेमका तेव्हाच इस्त्रीवाला कपडे घेऊन आला, आणि दार मी हवेसाठी उघडं ठेवलं होतं. (दिवसा कडी लावायची का, हे तू कधी विचारलेलं नाहीस.) त्याने कपडे खुर्चीवर ठेवले आणि जाताना हलक्या आवाजात म्हणाला, सावकाश होऊ द्या. त्याने खाली जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन हजर. रक्तदाब उत्तम निघाला. त्यामुळे त्यांचा संशय आणखीच वाढला.

मग माझ्या डोक्यात आलं की जिथे माणसं माणसांना भेटतात तिथेच जाऊन बसावं. वही घेतली आणि सकाळी बसस्टँड गाठला. बाहेरगावच्या बसा जिथे लागतात तिथल्या बाकावर बसलो. पण काय सांगू, माणसं भेटतात ती फार घाईत. हात उघडले, मिटले, झालं. तोवर मी पेन्सिलीचं टोक बघत असतो. ज्यांची भेट जरा लांबते त्यांची नेमकी माझ्याकडे पाठ. पुरुष मंडळी तर आधी बॅग धरतात, माणूस नंतर, आणि बऱ्याचदा बॅगेवरच भागवतात. दुपारपर्यंत माझ्या वहीत नुसत्या पाठी आणि बॅगा जमल्या.

तिथे एक पहारेकरी आहे. गळ्यात शिट्टी, मिशा भरघोस, बसा मागे घ्यायच्या असल्या की हा शिट्टी मारतो आणि हात हलवतो. त्याचं माझ्यावर लक्ष होतं. आला आणि उभा राहिला. कोणाची वाट बघताय म्हणाला. मी म्हटलं, कोणाची नाही. तर म्हणाला, मग इथे बसता येणार नाही, ही जागा वाट बघणाऱ्यांची आहे. ताई, मी काय करणार? वहीतल्या पाठी दाखवल्या असत्या तर प्रकरण वाढलं असतं. तोंडातून निघून गेलं, बहीण येणार आहे. खोटं बोलायचं तर एखादा व्यापारी, एखादा वकील सांगावा, पण तोंडावर आलीस ती तूच.

झालं. तिथून पुढे तो शिट्टीवाला माझ्यापेक्षा तुझ्यात जास्त गुंतला. कुठल्या बसने म्हणाला, मी म्हटलं नक्की नाही. तर प्रत्येक बस लागली की तो उतरणाऱ्या बायकांकडे बघायचा, मग माझ्याकडे बघून भुवया उंचवायचा, आणि मी मान हलवायचो. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्याने आधी हेच विचारलं, काल नाही आल्या? मग वर्णन मागितलं. मी सांगितलं, ठेंगणी, चष्मा आहे, पिशव्या फार. (रागावू नकोस, पिशव्या असतातच.) तेव्हापासून तो चष्मा लावलेल्या प्रत्येक ठेंगण्या बाईला गाठून सांगू लागला की तुमचे भाऊ तिकडे बसलेत. एक बाई खरोखरच लगबगीने आल्या. त्यांना न्यायला त्यांचा भाऊ यायचा होता म्हणे, तो आलाच नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघितलं, दोघांनाही जरा वाईट वाटलं, मी त्यांच्या पिशव्या रिक्षापर्यंत पोचवल्या. पुढच्या दिवशी त्याने चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला गाठून माइकवरून पुकाराच करवला, की मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या गृहस्थांच्या भगिनी जिथे असतील तिथून त्यांनी खिडकीपाशी यावं. तीनदा. अख्खा स्टँड माझ्याकडे बघत होता. चहावाला आता मी न मागताच चहा देतो, आणि ‘आल्या का’ ऐवजी ‘येतील’ म्हणतो.

आणि खरं सांगू का? दोन-तीन दिवसांनी शिट्टी वाजली की मीही मान उंच करून बघायला लागलो. तू येणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला बोलावलेलंसुद्धा नव्हतं. तरी बस रिकामी झाली आणि ड्रायव्हर दार आपटून चहाला गेला की मला वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं. वहीत काढायचं राहून जायचं.

तर चित्र असं अडलेलं आहे. अस्वलीणबाईंचा एक हात पिल्लाच्या पाठीवर आला, दुसरा कुठे जातो ते मला कळत नाही. म्हणून तुला विचारतो. भाचा सुट्टी संपवून कामाच्या गावी परत निघतो तेव्हा तू त्याला दारात जवळ घेतेस, मी पाहिलं आहे. आपण दोघं एकाच घरात वाढलो, तू हे कुठे शिकलीस कोण जाणे. तर तेव्हा तुझा दुसरा हात कुठे असतो ते नीट आठवून कळव. आठवत नसेल तर दाजींना समोर उभं करून तसं करून बघ. त्यांना आधी कल्पना दे, नाहीतर त्यांना वाटेल गुडघ्याचे रिपोर्ट वाईट आले.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद, तुझ्या जावेला काय सांगायचं असेल ते तूच माझ्या नावावर सांग. तब्येतीला जप. माझी काळजी करू नकोस, रक्तदाब उत्तम आहे.

तुझा
रेघोट्या

ता. क. हे लिहून कळवण्यासारखं नाही असं आता वाचताना वाटतं. हाताचं वर्णन पत्रात काय करणार तू? त्यापेक्षा चार दिवस ये आणि दाखव. दाजींनाही आण, इमारतीला लिफ्ट आहे आणि आठवड्यातून बरेच दिवस ती चालते. तू म्हणशील, तूच ये इकडे. आलो असतो, पण स्टँडवर शिट्टीवाल्याने मला बसमध्ये चढताना पाहिलं तर त्याला काय सांगू?

ता. क. पुन्हा. वरचं सगळं खरं आहे, फक्त चित्र अडलंय हे खोटं. चित्र गेल्या सोमवारीच दिलं आणि पासही झालं. त्याचं असं झालं की शनिवारी संध्याकाळी एक बस आली, त्यातून एक ठेंगणी बाई उतरली, चष्मा, पिशव्या, सगळं. मी बाकावरून उठलो. ती तू नव्हतीस. मी बहुधा तसाच उभा राहिलो असेन, कारण शिट्टीवाला आला, म्हणाला, “येतील हो. बहीण आहे, जाईल कुठे?” आणि त्याने मला जवळ घेतलं. शिट्टी माझ्या बरगडीत रुतली. एक हात माझ्या पाठीवर होता, आणि दुसरा वर, कारण मागून एक बस मागे येत होती, तिला तो थांब म्हणून खूण करत होता. घरी येऊन तसंच काढलं. संपादकबाईने विचारलं, काका, आईचा दुसरा हात वर का? मी म्हटलं, बस मागे येतेय, तिला थांबवतेय. ती हसली, तिला वाटलं मी विनोद केला. पेन्सिल अडली. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, मिटलं.

म्हणजे चित्रासाठी तू यायचं काही कारण उरलेलं नाही. हे आधी लिहिलं असतं तर तू ‘बरं झालं हो’ म्हणून पत्र ठेवून दिलं असतंस. ताई, घरात फार शांत आहे. ये.

ता. क. शेवटचं. कुठल्या बसने येतेस ते कळवायला जमलं नाही तरी चालेल. मी रोज सगळ्या बसा बघतो.